गाजराची पुंगी आणि पँटचा दुसरा पाय

माझ्या काकाला सगळी गल्ली पिपाणी म्हणते. तोंडावर पिपाणीकाका, पाठीमागे नुसतंच पिपाणी, आणि त्याला दोन्ही चालतं. त्याचं काम फुंकायच्या वाद्यांची दुरुस्ती. घराच्या पुढच्या खोलीत लांब बाक आहे. त्यावर नखाएवढे स्क्रू, बुचाचे तुकडे, स्पिरिटचा दिवा आणि सांडलेले स्क्रू गोळा करायला एक लोहचुंबक. भिंतीवर लोकांनी दुरुस्तीला टाकलेली आणि न्यायला विसरलेली वाद्यं टांगलेली. क्लॅरिनेटमधून कुठून हवा निसटते ते शोधायला तो वाद्य गालाजवळ धरतो आणि डोळे मिटतो. तेवढा वेळ घराला आग लागली तरी त्याला सांगण्यात अर्थ नसतो.

मी त्याची पुतणी. वरच्या खोलीत राहते आणि एका प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासते. सकाळी नमुना, संध्याकाळी उत्तर, असा माझा खाक्या. काकाचा खाक्या म्हणजे 'बघू'. "काका, ते ट्रंपेट दुरुस्त होणार का?" "बघू. झालं तर झालं." "काका, जेवायला येतोस का?" "बघू." साठीला टेकलेल्या या माणसाने आयुष्यात एकही गोष्ट सरळ 'हो' म्हणून सुरू केलेली मी पाहिलेली नाही. वाद्यं मात्र सगळी ठणठणीत होऊन जातात. माझा त्याच्यावर फार जीव आहे, आणि दिवसातून एकदा तरी त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटतं.

शेजारच्या घरात टाचणीबाई राहतात. शिवणकाम करतात. ओठांत कायम टाचण्या धरलेल्या, म्हणून हे नाव. टाचण्यांसकट त्या बोलतात, टाचण्यांसकट भांडतात, फक्त हसत नाहीत, कारण हसलं की टाचण्या सांडतात. त्यामुळे गल्लीत कडक बाई म्हणून त्यांचा दबदबा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या कामाच्या खोलीची मागची खिडकी आमच्या परसात उघडते, आणि काका गेली कित्येक वर्षं काही ना काही निमित्त काढून त्या खिडकीसमोरून ये-जा करत होता. हे मला माहीत होतं, गल्लीला माहीत होतं, भिंतीवर झोपणाऱ्या मांजरालाही माहीत होतं. फक्त काकाला वाटायचं की कुणालाच माहीत नाही.

तर त्या वर्षी उन्हाळा कॅलेंडरवरून उतरला, पण उन्हाला ते कुणी कळवलं नव्हतं. आकाश कोरडं ठणठणीत. झाडांची पानं पिकायच्या आधीच करपून पडत होती. अशात एक दिवस काका नवी पँट घेऊन टाचणीबाईंकडे गेला. पँट लांब होती, दोन्ही पाय आखूड करायचे होते. बाईंनी त्याला स्टुलावर उभं केलं आणि खाली बसून एका पायाला टाचण्या लावल्या. काकाला अंगावरच कपडा बसवून घ्यायची हौस, म्हणून तो पाय त्यांनी तिथल्या तिथे हातशिलाईने दुमडून शिवूनही टाकला. दुसऱ्या पायाकडे वळता वळता त्या सहज म्हणाल्या, "भाऊ बोलावतोय त्याच्या गावाला कायमचं. इथली थंडी आता सोसत नाही. थंडी पडली की जाईन म्हणते."

स्टुलावर उभ्या असलेल्या माणसाला पळता येत नाही. काकाला घाम फुटला आणि जे कित्येक वर्षं आत होतं ते बाहेर पडलं. पण बाहेर पडलं ते कसं, तर काकाच्याच वळणाने.

"मी काय म्हणतो," काका म्हणाला, "आपण लग्न करून बघायला काय हरकत आहे? जमलं तर जमलं. नाहीतर शेजारी आहोतच की."

बाईंनी ओठांतली एकेक टाचणी काढली आणि डबीत ठेवली. मग म्हणाल्या, "म्हणजे मी गाजराची पुंगी का? वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली?"

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने पाय धरले असते, माफी मागितली असती, निदान जीभ तरी चावली असती. काकाने डोळे मिटले. पुंगी हा शब्द कानात गेला आणि त्याच्यातला कारागीर जागा झाला. "गाजराची," तो विचारात पडून म्हणाला, "खरंच वाजते का हो?"

पुढच्या क्षणाला तो रस्त्यावर होता. पँटचा एक पाय घोट्याशी नेटका, दुसरा टाचेखाली लोळतोय.

हे सगळं त्याने मला संध्याकाळी सांगितलं. मी कपाळावर हात मारून घेतला. "काका, आता उठ, जा आणि नीट विचार त्यांना."

"कसं विचारणार? त्यांनी मला प्रश्न घातलाय. आधी त्याचं उत्तर नको द्यायला?"

"कुठला प्रश्न?"

"गाजराची पुंगी वाजते की नाही. ती हमखास वाजत असेल, तर मग 'नाहीतर' उरतंच कुठे? मोडून खायचा विषयच संपला."

त्याच्या चेहऱ्यावर गमतीचा लवलेश नव्हता. बाजारात मिळत होती ती गाजरं आधीच लुळी पडलेली, त्यांना भोक पाडायला घेतलं की रडायला लागायची. गाजर हवं ताजं, जाड, सरळ आणि कडक, पोटात ओलावा धरलेलं. म्हणजे घरचं. म्हणजे परसातलं. म्हणजे त्या खिडकीसमोरचं, असंही असेल, पण तसं तो म्हणाला नाही. आणि पँटचा दुसरा पाय मी दुमडून देते म्हटलं, तर अंगावरच आला. "दुसऱ्या कारागिराचं अर्धं काम आहे ते. त्याला हात लावायचा नसतो." तसाच तो त्या पँटवर हिंडू लागला, एक पाय आवरून, एक पाय झाडून.

बियाणांच्या दुकानातला माणूस जन्मजात निराश आहे. बी विकताना तो गिऱ्हाइकाचं सांत्वनच करतो. "या उन्हात गाजर?" तो म्हणाला. "माती तापलीय. बी उगवायचं नाही, शिजेल." तरी त्याने पुड्या बांधल्या. पालक, मुळा, मटार, कोथिंबीर आणि गाजर. "थंडीच्या आधीची बाग लावताय तर सगळंच लावा," तो म्हणाला, "एकच पीक जळालं की फार वाईट वाटतं."

पहिल्या पेरणीला काकाने भर दुपारी माती उकरली, बी फेकलं आणि नळी लावून धो धो पाणी सोडलं. बी पोहत पोहत भिंतीच्या कोपऱ्यात गेलं आणि तिथून मुंग्यांनी ते वाजतगाजत घरी नेलं. काका कमरेवर हात ठेवून ती मिरवणूक बघत उभा. खिडकीतला पडदा हलला.

दुसऱ्या वेळी तो बियाणेवाल्याला नीट विचारून आला. आदल्या दिवशी जमीन पाण्याने तुडुंब भिजवायची, ऊन कललं की पेरायचं, वर ओलं गोणपाट अंथरायचं आणि ते सुकू द्यायचं नाही. "गाजराचं बी हट्टी," बियाणेवाला म्हणाला होता. "एकदा ओलं झाल्यावर जरा सुकलं की गेलं. सोबत मुळा टाका, तो लवकर वर येतो आणि मातीची खपली फोडून ठेवतो. तुमचं काही उगवेल असं मला वाटत नाही, पण माझ्या शुभेच्छा."

काकाला हे लगेच पटलं. क्लॅरिनेटची पत्तीसुद्धा कोरडी पडली की वाजत नाही, म्हणून वाजवणारा ती आधी तोंडात धरून बसतो. काका आता बागेला पत्तीसारखा जपू लागला. सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी पाणी. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक बसलेलं आणि हा मागे गोणपाट उचलून जमिनीला गाल लावून पालथा. एकदा एक बँडमास्तर त्याला शोधत परसात आला आणि ते दृश्य बघून डॉक्टरला बोलवायला धावला.

उगवलं. एका सकाळी गोणपाटाखाली हिरवी जोडपानं रांगेत उभी. काकाने वरच्या खोलीच्या खिडकीवर खडे मारून मला उठवलं. "आली," तो म्हणाला, "माझी गाजरं आली." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्याही, कारण खडा मला लागला होता. मग तो उकिडवा बसला आणि दिवसभर त्या जोडपानांच्या मधलं केसासारखं बारीक गवत चिमटीने उपटत राहिला. एक काडी म्हणून सोडली नाही.

शेवटची काडी उपटली आणि खिडकी उघडली. टाचण्यांसकट आवाज आला, "ते गवत नव्हतं."

काकाने वर पाहिलं.

"जे ठेवलंत ते मुळे. जे उपटलंत ती गाजरं." आणि खिडकी बंद.

पँटच्या प्रकरणानंतर बाईंचं त्याच्याशी हे पहिलंच बोलणं. काका मातीत बसून राहिला. मी समजूत घालायला गेले तर हा मनापासून हसत होता. "बघितलंस? त्या बघत होत्या. दिवसभर बघत होत्या."

"मग दिवसभर सांगितलं का नाही?"

तो उठला, हाताची माती झटकली आणि वाफ्याला पाणी घालायला गेला.

मुळ्यांच्या आड लपून वाचलेल्या एक-दोन गाजरांचीही मातीतल्या खड्यांनी वाट लावली. काही आठवड्यांनी उपटून पाहिलं तर एकाला दोन पाय फुटलेले, विजारीसारखे, आणि गंमत म्हणजे एक आखूड, एक लांब. काकाने ते गाजर बाकावर ठेवलं आणि बराच वेळ स्वतःच्या पँटकडे बघितलं.

एव्हाना त्याची विचित्र कोंडी झाली होती. गाजराला गारवा हवा होता आणि काकाला नको होता. गारवा पडेल तसं बी उगवेल, पण थंडी पडेल तशा बाई जातील. सगळं गाव आकाशाकडे बघून एकच मागणं मागत होतं आणि हा माणूस सकाळी बाहेर येऊन ऊन अंगावर घ्यायचा, म्हणायचा, "अजून तापतंय, बरं आहे," आणि लगेच गोणपाटाखाली हात घालून, "फार तापतंय हो, वाईट आहे." मी सांगते, त्या दिवसांत मी त्याला जेवढं हसले तेवढं आयुष्यात कधी हसले नाही, आणि वरच्या खोलीत आल्यावर आधी बाईंचे पडदे जागेवर आहेत ना ते बघायचे. बाई खरंच गेल्या तर हा माणूस कुणाच्या खिडकीसमोर फिरणार?

तिसऱ्या वेळी त्याने भिंतीवरचा फुटका ढोल उतरवला. कुणी तरी कातडं बदलायला दिला होता आणि काकाने "हे माझं काम नव्हे, पण बघू" म्हणून ठेवून घेतला होता. दोन्ही बाजूंची कातडी काढली, लाकडाचं पोकळ खोड परसात उभं केलं आणि त्यात स्वयंपाकघरातल्या चाळणीने चाळलेली माती आणि वाळू भरली. आता गाजराला खाली जायला मोकळा रस्ता, वाटेत एक खडा नाही. त्या चाळणीमुळे पुढे आठवडाभर आमचं पीठ करकर लागत होतं. ढोल त्याने नेमका बाईंच्या खिडकीखाली ठेवला. "तिथे दुपारनंतर सावली असते," हे कारण. सकाळी तिथे चांगलं रणरणतं ऊन असतं, हे मी बोलले नाही.

दुसऱ्याच सकाळी भिंतीवरून एक पांढऱ्या कापडाची घडी धपकन आमच्या बाजूला पडली. पाठोपाठ आवाज. "अस्तराचं कापड आहे. विटलंय. ढोलावर सकाळची सावली करा." थोडं थांबून, "भाज्यांसाठी दिलंय. तुमच्यासाठी नाही."

"हो, हो," काका म्हणाला. 'बघू' नाही म्हणाला. माझ्या ते तेव्हाच लक्षात आलं आणि मी जिन्यावरच बसले.

मग मात्र बागेने जोर धरला. कापडाखाली ढोलात बारीक केसांसारखी पानं आली आणि ती या वेळी कुणी उपटली नाहीत. वाफ्यातला पालक तरारला, मटाराने भिंत धरली, मुळे तर इतके झाले की गल्लीत लोक काकाला बघून रस्ता बदलू लागले. रोज संध्याकाळी तो पालकाची किंवा कोथिंबिरीची एक जुडी खिडकीच्या कठड्यावर ठेवायचा. जुडी आत जायची. बदल्यात काही यायचं नाही, पण जुडी परतही यायची नाही. काका तेवढ्यावर शीळ घालत झोपायला जायचा.

आणि एका सकाळी माझ्या तोंडातून वाफ निघाली.

रात्रीत हवा बदलली होती. मी खाली आले तर काका परसात उभा, आणि बाईंच्या खिडकीतून सगळं दिसत होतं. पडदे उतरवलेले. कापडाचे तागे बांधलेले. शिवणयंत्राला गोधडी गुंडाळलेली. बाई एका टोपल्यावर शेवटचं फडकं टाचत होत्या, ओठांत टाचण्या.

काकाने हात ढोलात घातला आणि गाजर ओढलं. सरळ, जाड, लालबुंद, ओलं. मग दुसरं, तिसरं. मोजकीच होती, पण काय होती. तो धावत बाकावर गेला, लोळता पाय एकदा दारात अडकला, एकदा माझ्या पायाखाली आला. हातड्रिलने गाजराला आरपार भोक पाडलं, अंगावर बोटांची भोकं केली, एका टोकाला जुन्या क्लॅरिनेटचं तोंड ठोकून बसवलं आणि पुंगी घेऊन खिडकीसमोर येऊन उभा राहिला. श्वास भरला आणि फुंकला.

फूस.

नुसती हवा. भोक फार मोठं झालं होतं. बाई टोपलं बाजूला ठेवून खिडकीशी आल्या. काकाने ते गाजर कठड्यावर हळूच ठेवलं, आत गेला, दुसरं करून आणलं. ते तोंड बसवतानाच उभं तडकलं. तिसऱ्यातून एक क्षण काहीतरी आलं, पण ते काकाच्या घशातून आलं असावं. तेही चिरत गेलं. ढोलात आता काही नव्हतं.

मला रडू आवरेना, कारण मी त्या माणसाला इतकं उघडं पडलेलं कधी पाहिलं नव्हतं. कुडकुडत होता, पायजम्यासारखा एक पाय लोळत होता, हातात चिरलेलं गाजर.

बाईंनी टाचण्यांतूनच विचारलं, "मग? नाही वाजली. आता मोडून खा की."

काकाने गाजराकडे पाहिलं. मग बाईंकडे.

"नाही," तो म्हणाला. "मोडून नाही खाणार. पुन्हा पेरणार."

"आता? थंडी पडली."

"थंडीत पेरीन. नाही उगवलं तर पुढच्या उन्हाळ्यानंतर पेरीन. तुम्ही भावाकडे गेलात तर तिथे ढोल घेऊन येईन आणि तुमच्या खिडकीखाली पेरीन." तो कठड्याजवळ सरकला. "त्या दिवशी मी चुकीचं बोललो. 'नाहीतर' म्हणालो. मला 'नाहीतर' नकोच आहे. मला तुम्हीच हव्या आहात."

खिडकीतून बाईंचा हात बाहेर आला. "द्या इकडे ते."

काकाने चिरलेलं गाजर दिलं. बाईंनी पांढऱ्या दोऱ्याची रीळ घेतली, टोक जिभेवर ओलं केलं आणि गाजराच्या चिरेवर दोरा गुंडाळायला लागल्या. घट्ट, फेऱ्याला फेरा लावून, जसा त्या काजाला घालतात तसा. चीर दिसेनाशी झाली. दोऱ्याला गाठ मारली, दातांनी तोडायला गेल्या तर टाचण्या मध्ये आल्या, म्हणून काकाने वाकून तो तोडला. बाईंच्या बोटांपासून अर्ध्या विताच्या अंतरावर. दोघांनीही काही झालंच नाही असं दाखवलं.

"फुंका," बाई म्हणाल्या.

काकाने फुंकलं. आणि त्या गाजरातून असा एक आवाज निघाला की तसा मी अजून कुठे ऐकलेला नाही. सर्दी झालेलं बदक लग्नात गायला उभं राहिलं तर असाच आवाज निघेल. भिंतीवरचं मांजर उडी मारून पळालं. काकाने घाबरून डोळे उघडले, मग दुसऱ्या भोकावर बोट ठेवलं, आणि बदकाचा सूर चढला.

आणि बाई हसल्या. आधी नाकातून, मग खांद्यांतून, मग सगळ्याच. टाचण्या ओठांतून सुटल्या आणि खिडकीत, कठड्यावर, परसात, पालकात, ढोलाच्या वाळूत चमचमत सांडल्या. बाई खिडकीची चौकट धरून हसत होत्या, मी जिन्याची पायरी धरून, आणि काका थांबायला तयारच नाही, फुंकतोय आणि फुंकतोय, गाल लाल, डोळे गळतायत. बोळातून येणारा बियाणेवाला थबकला आणि म्हणाला, "उगवलं वाटतं," आणि त्याच्या तोंडावर पहिल्यांदाच मला हसू दिसलं.

शेवटी दमून काका थांबला. मग आतून लोहचुंबक आणून तो पालकात गुडघे टेकून टाचण्या वेचू लागला. एकेक टाचणी चुंबकाला टुणकन चिकटत होती. बाई वरून बघत होत्या. हसू पुरतं गेलं नव्हतं, ओठ मोकळे होते.

"अहो," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच 'अहो' म्हणाल्या. "त्या वेचून झाल्या की इकडे या. भावाला मी कळवते. यंत्रावरची गोधडी काढायला मदत करा."

काका तसाच ओंजळभर टाचण्या घेऊन उभा राहिला. "कशाला?"

बाईंनी त्याच्या पायाकडे बोट दाखवलं.

"दुसरा पाय राहिलाय," त्या म्हणाल्या. "अर्धं काम टाकून मी कुठे जात नसते."